चोरून खाल्लेली पोळी

डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातलं ग्लुटेन माहनूरला सोसत नाही. तेव्हापासून कहकशांनं घरातला गहू बंद केला. बोरी अरब गावच्या वावरांत सगळी कपाशीची पऱ्हाटीच, म्हणून लेकीसाठी ज्वारी दारव्ह्याहून आणावी लागे. तरी पोरीचं पोट फुगलेलंच.

“कोणाच्या घरी पोळी खाल्ली?” कहकशांनं फुंकणीनं तिची पाठ फोडून काढली.

“नाही खाल्ली, अम्मी.”

“खोटं बोलून राह्यली!”

तापलेलं उलथनं हातावर टेकलं तेव्हा पोर किंचाळली, “खाल्ली! चोरून खाल्ली!”

दुसऱ्या दिवशी कहकशां चक्कीवर गेली. एरवी डबा ठेवून परतायची, आज गर्दी नव्हती म्हणून थांबली. चक्कीवाल्या सदाशिवनं कोणाचे तरी गहू दळले आणि चक्की न झाडताच तिची ज्वारी ओतली.

“थांबा! माह्या डब्यात गव्हाचं पीठ पडून राह्यलं!”

“पह्यले थोडं गव्हाचंच येते, भाभी. नेहमीच येते. तुमचाच फायदा.”

डबा तिथंच टाकून कहकशां घरी धावली. तिचा चेहरा पाहताच माहनूर भिंतीला चिकटली आणि भाजलेला हात तिनं स्वतःहून पुढे केला.

“आजही खाल्ली, अम्मी. चोरून.”