साफ केलेल्या गोष्टी

शेवटच्या फाईलमध्ये केता मास्तरांनी सांगणाऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा तेनिनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पुन्हा कुणी म्हाताराच. एक्क्याण्णव गोष्टी झाल्या होत्या आणि एकीतही सांगणारी म्हणून कानिबाचं नाव नव्हतं.

कानिबा तिची आई. तेनिन तीन वर्षांची असताना गेली. फोटो नाही, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. मावशीने मरताना एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या आईचा आवाज मास्तरांच्या यंत्रात आहे. त्या एका वाक्यापायी तेनिनने सेगू शहरातल्या या कचेरीत नोकरी धरली होती.

चाळीस वर्षांपूर्वी मास्तरांनी नायजर नदीकाठची गावं पालथी घालून लोकांच्या तोंडच्या गोष्टी कॅसेटवर उतरवल्या. मास्तर गेले, कॅसेटी बुरशीने खाल्ल्या. त्याआधी कुणीतरी कॉम्प्युटरवर प्रती काढल्या होत्या म्हणून निभावलं. मग त्या प्रतीही मोडायला लागल्या. फायली अध्येमध्ये तुटलेल्या, एक डिस्क कायमची बंद. दोन वर्षं तेनिन एकेक गोष्ट जोडत होती, साफ करत होती. धड डिस्क एकच उरली आणि तीही भरत आलेली, म्हणून साफ झालेली गोष्ट ठेवायची नि जुनी प्रत पुसून टाकायची, हा रिवाज तिनेच पहिल्या महिन्यात पाडला.

कामात ती वाघीण होती. मुसळाचे ठोके, शेळ्या, खोकला, हुंकारे, यंत्राची घरघर, सगळं बाजरीतल्या खड्यांसारखं निवडून बाहेर काढायची. एका गोष्टीतल्या नको त्या आवाजाचा नमुना पकडला की उरलेल्या नव्वदांत तोच चालायचा.

काम शिकवायला आलेली परदेशी बाई मात्र प्रत्येक आवाजाशी अडायची. हे काय? मुसळ. हे? शेळी. आणि वाक्यावाक्यामागून “नामू, नामू” करतंय ते कोण?

“कुणी नाही,” तेनिन म्हणाली होती. “गोष्ट म्हटली की कुणीतरी हुंकारा देतंच.”

बाई तेही वहीत लिहून घेत बसली. तेनिनला हसू आलं. जन्मापासून कानावर पडलेलं, त्याची कसली नोंद करायची?

दिवसाउजेडी गोष्ट ऐकली तर आई मरते, असा धाक तिकडे पोरांना घालतात. कचेरीतल्या बायाबापड्या म्हणून काम चालू असताना तिच्या खोलीत पाऊल टाकत नसत. तेनिनला कसलं भय? जिच्या मरणाचं भय घालायचं ती कधीच गेली होती.

शेवटची गोष्ट आईच्या गावची होती. मुलं ताटातला मटणाचा तुकडा शेवटी ठेवतात तशी तिने ती राखून ठेवली होती. आता तीही रिकामी निघाली. तेनिन बराच वेळ मुकाट्याने रडली. मावशी खोटं बोलली होती, किंवा कानिबाची कॅसेट आधीच बुरशीच्या पोटात गेली होती. काहीही असो, दोन वर्षं पाण्यात गेली. मग तोंड धुऊन तिने तीही गोष्ट साफ केली आणि जुनी प्रत पुसली. काम ते काम.

चहाच्या वेळेला झान जारा आला. मास्तरांचं यंत्र गाढवावर घालून गावोगाव नेणारा हाच, त्या फेऱ्यांतला एकटा जिवंत उरलेला. दोन वर्षं तो आयव्हरी कोस्टला मुलाकडे होता. तेनिनने निरोपांवर निरोप धाडले होते. परवा परतला नि आज काठी टेकत दारात उभा राहिला.

“कुलिबालींच्या घरात आज चवळी शिजली नाही वाटतं? चेहरा उतरलाय.”

जारांनी कुलिबालींना चवळीखाऊ म्हणायचं आणि कुलिबालींनी उलट सुनवायचं, हे दोन कुळांचं जुनं थट्टेचं नातं. कितीही दुःख असलं तरी उत्तर द्यावंच लागतं.

“जारांनी चोरून नेली सगळी,” तेनिन म्हणाली.

चहाचा पहिला पेला त्याच्या हातात देऊन तिने सरळच विचारलं. आईने गोष्ट कुठल्या गावात सांगितली?

झान खोखो हसला. “कानिबा आणि गोष्ट? अगं, तिला एक धड येत नव्हती. निम्म्यात विसरायची.”

म्हणजे मावशी खोटंच बोलली होती. तेनिनला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तिने सशाची गोष्ट लावली.

झान डोळे मिटून ऐकू लागला. एक वाक्य झालं, त्याची मान डोलायला आली आणि अडली. दुसरं झालं, पुन्हा अडली. त्याने डोळे उघडले.

“दुसरी लाव.”

तिने लावली.

“तिसरी.”

तिसरी निम्मी होईतो चहा गार झाला होता.

“पोरी, या अशा ओक्याबोक्या का?”

“साफ केल्यात, बाबा. सगळ्याच.”

“कुणी हुंकारा दिल्याशिवाय कोण गोष्ट सांगतं?” झान म्हणाला. “दर गावात नवा माणूस कुठला शोधायचा? म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवसापासून एक बाई बरोबर घेतली. सांगणारे बदलत गेले, नामू म्हणणारी तेवढी एकच.” त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “प्रत्येक गोष्टीत होती कानिबा. कुठं घालवलीस तिला?”