वाऱ्याचा डोळा

कार्ड उलटं होतं.

सर ते नाकासमोर धरून वाचत होते, आणि बरोबर वाचत होते. "विंडो. मूळ जुनं नॉर्स. विंदर म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा." एक अक्षर चुकलं नाही. चुकणार कसं? इंग्रजी शब्दांच्या मुळांचा कोश त्यांचाच, आणि ही नोंद त्यांनी कालच बाईंना तोंडी सांगून लिहून घेतली होती. बाईंचंच अक्षर आता त्यांच्या हातात खाली डोकं वर पाय करून उभं होतं.

नवे संचालक खिडकीकडे तोंड करून पाठमोरे उभे होते. त्यांनी पाहिलं नव्हतं.

बाईंनी पाहिलं. नऊ वर्षं सहायक म्हणून समोर बसून आपल्याला हे कळलं कसं नाही?

जुन्या कार्डांचा वरचा उजवा कोपरा कापलेला असायचा. खणात हजार कार्डं असली तरी उलटं पडलेलं एक चटकन दिसावं, म्हणून. कार्ड हातात घेतलं की सर त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचे. बाईंना ती लकब वाटायची. या आठवड्यात नवी कार्डं आली. कोपरा कापायचं नव्या छापखान्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चारही कोपरे शाबूत.

मूळव्याध. नाम. खालच्या मजल्यावरच्या टंकलेखकांनी सरांना ठेवलेलं नाव. शब्दाचं मूळ सापडेपर्यंत स्वतः बसत नाहीत आणि दुसऱ्याला बसू देत नाहीत, यावरून.

बाईंना या नावाचं हसू यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सरांनी सगळा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला होता. "मोठ्याने वाचा. चिठ्ठ्या, पत्रं, सगळं. तुमच्या उच्चारांची पार बोंब आहे." दार उघडं होतं. ते वाक्य खालच्या मजल्यावर पोचायला दुपारही लागली नाही. तेव्हापासून बाई इथे रोज वाचायच्या आणि घरी भाजी चिरता चिरता त्याच शब्दांची उजळणी करायच्या. नवरा विचारायचा, "आज कोणाशी भांडतेयस?" मुलगी म्हणायची, "आई, मस्त बोलतेस गं तू." पण ती पोटची पोर. तिचं काय धरायचं?

"उत्तम," संचालक वळले. "पण डोळा का? खिडकीतून आपण बाहेर बघतो, म्हणून?"

"छे हो. तेव्हा काच कुठे होती? भिंतीला भोक. धूर बाहेर, वारा आत." सर खुलले. "डोळा म्हणजे बघायलाच, असं आपणच धरून चालतो. डेझीचं फूल घ्या. दिवसाचा डोळा. ऊन आलं की उघडतो, गेलं की मिटतो. बघत काहीच नाही. ते कार्ड मी इथे लागलो त्या वर्षीचं आहे. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, काढून बघा."

संचालकांनी खण उघडला नाही.

"सर, स्पष्टच बोलतो. शेवटचा खंड तुमच्याकडे ठेवायचा की वरच्या मजल्यावरच्या मंडळींना द्यायचा, हे मला आज ठरवायचंय. मॅडमचा उपसंपादकपदाचा अर्जही आहे. वर सगळे म्हणतात, सर हल्ली स्वतः काही वाचत नाहीत." टेबलावर बाहेरच्या वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं उतरवून पाठवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्यांनी त्याची दोरी सोडली, मधली एक चिठ्ठी उपसली आणि सरांच्या हातात दिली. "एवढी वाचा. माझंही समाधान, त्यांचंही तोंड बंद."

सरांचा अंगठा एका कोपऱ्यावर गेला. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या.



बाईंनी हात लांब करून चिठ्ठी काढून घेतली. "हे माझं काम आहे, साहेब. सर मुद्दाम माझ्याकडून वाचून घेतात. माझे उच्चार फार कच्चे आहेत ना. त्यांना ऐकवत नाही, तरी ऐकतात बिचारे."

आणि त्यांनी वाचलं. पटावं म्हणून अडखळत वाचलं. पांढुरक्या डोळ्याच्या घोड्याबद्दलचं साधं वाक्य होतं. बाईंनी त्याचे तुकडे तुकडे केले. वॉल-आइड या शब्दावर तर तीनदा ठेचकाळल्या. स्वयंपाकघरात हाच शब्द त्यांनी परवा एका दमात म्हटला होता.

संचालकांनी कपाळावरून हात फिरवला.

"मॅडम, उपसंपादकाला निदान चिठ्ठी तरी धड वाचता यायला हवी." ते खुर्चीत बसले. फाइल उघडली. "ठीक आहे. सर, खंड तुमच्याकडेच राहील. या अर्जाचं मात्र..."

पेनचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. निब नवी होती. कागदावर खरखरत होती.

सर मान तिरकी करून ती खरखर ऐकत होते.

"त्या शब्दातल्या वॉलचा भिंतीशी काही संबंध नाही," ते म्हणाले. "उत्तरेकडचा जुना शब्द आहे. डोळ्यावरचं पटल, असा एक तर्क आहे."

"ते तुम्ही नंतर कार्डावर घ्या ना, सर," संचालक मान वर न करता म्हणाले.

"नंतर नाही. आत्ता. आणि तुम्ही लिहा." सरांनी हाताने टेबलाची कड शोधली आणि तिला धरून ते उठले. "सर, नको," बाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. "आधीचं खोडा. लिहा, मला दोन वर्षं दिसत नाही. आणि बाईंचे उच्चार पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहेत."