मागच्या जिन्याचं दार

नकाशांच्या प्रती काढायच्या यंत्राचा अमोनियाचा वास. शाईने काळी झालेली नखं. एक फ्लॉपी. अठ्ठ्याण्णव साल, वाशीतलं आमचं ऑफिस. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, याचे अकरा मजल्यांचे नकाशे नवख्या श्रुतीने कॉम्प्युटरवर चढवले. "वा!" साहेब म्हणाले. बावीस वर्षं हाताने नकाशे काढणाऱ्या मला त्यांनी कधी वा म्हटलं नव्हतं. तेवढ्यात मला चूक सापडली. "साहेब, मागच्या जिन्याचं खालचं दार विटांनी बुजवलंय. माणसं धुरात उतरून तिथेच अडकतील. मशीनला भिंत दिसत नाही वाटतं?" सगळे हसले. "सॉरी, दिलीपकाका," श्रुती पुटपुटली. तिने कॉम्प्युटरवर बाहेरची वाट दाखवणारे बाण एकदाच वळवले. अकराही मजल्यांचे कागद चहा निवायच्या आत छापून निघाले. अकरा ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडायला मला महिना लागला असता. तिने माझेच नकाशे उतरवले होते. भिंत बांधल्याची चिठ्ठी मला चार वर्षांपूर्वीच मिळाली होती.