बिनचहाची बैठक

बायकांच्या लघवीच्या तक्रारींवर उपचार शिकणाऱ्या डॉक्टरांना पास-नापास करायचं काम सोलापूरच्या त्या समितीकडे होतं. अध्यक्षा डॉ. भार्गवी दर तासाला बैठक थांबवून "चला, चहा!" म्हणायच्या आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडायच्या. त्यांचा कप मात्र तसाच गार व्हायचा.

आज दुपार कलली तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. वर समितीतल्या डॉ. सोमलिंगांच्या विनोदाला खळखळून हसल्या.

"मॅडम, आज चहाचं विसरलात की!" सोमलिंग म्हणाले.

"खरंच विसरले!" त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मनातल्या मनात त्यांनी कुणाला तरी हात जोडले.

शेवटचं नाव डॉ. रुद्राणीचं निघालं. पोरगी अजून कच्ची आहे, वर्षभर थांबू दे, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले.

"हिच्याबद्दल मला मत देता येणार नाही," भार्गवी म्हणाल्या.

"का? नात्यातली आहे का?"

"नाही."

'यात लाजायचं काय,' असं बायकांना जन्मभर समजावणाऱ्या भार्गवी क्षणभर अडखळल्या. मग ताठ बसून म्हणाल्या,

"मी तिची पेशंट आहे."