कै. रखमाबाई शाळा

शाळा तपासायला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी शेरेबुक उघडलं, तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "मास्तर, ही पोरां भायेर कोणी बसवली?"

श्रीपाद मास्तरांच्या हातातला खडू सुटला. दारात रखमाबाई उभी होती. तिच्या डोक्यावर, चौकटीला, नवीकोरी पाटी होती: 'कै. रखमाबाई मराठी शाळा, माजिवडे. सन १८९३'.

रखमाबाई मिठागरावर मीठ ओढायची. आठ वर्षांपूर्वी या शाळेत महारवाड्यातल्या मुलांना पडवीतच बसवीत; तिचा नातू त्यांतलाच. ती ठाण्याला जाऊन कलेक्टर कचेरीच्या पायरीवर अकरा दिवस बसली आणि हुकूम घेऊनच उठली. मुलं आत आली. यंदा शाळेला नाव द्यायचं ठरलं तेव्हा गावातल्या आयाबायांनी तिचंच नाव लावून धरलं. महिपत पाटलांना आपल्या वडिलांचं हवं होतं. त्यात लोकल बोर्डाचं पत्र आलं, नाव द्यायचं तर दिवंगत व्यक्तीचंच. पाटील खूश झाले. त्यांचे वडील रीतसर वारलेले होते.

मास्तर हे सांगायला मिठागरावर गेले, तर रखमाबाई खो खो हसली.

"मग लिवा ना, मेली म्हणून. माझं काय जातंय?"

मास्तरांनी तसंच लिहून पाठवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेला हा एकच वाह्यातपणा.

आज मात्र त्यांचं अवसान गळालं होतं. सकाळीच पाटील येऊन म्हणाले, "नवे साहेब सोवळ्यातले आहेत म्हणे. आजच्या दिवस ती पोरं पडवीत बसवा." मास्तरांनी तीन मुलं बाहेर काढली. मुलांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. तेच मास्तरांना सकाळपासून टोचत होतं.

"या बाई कोण?" डेप्युटींनी विचारलं.

मास्तरांना आपलं पत्र आठवलं. बोर्डाला खोटं कळवलेलं. नोकरी तर गेलीच. खुर्चीवर बसलेले पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सांगा की मास्तर, कोण त्या."

मास्तर काही बोलायच्या आत रखमाबाईच पुढे झाली.

"मी मेलेली बाय, सायेब. ती वर लिवलीय ना, तीच. पोरां भायेर बसवली का मना उठून यावं लागतं."

डेप्युटींनी उठून पाटी वाचली, मग बाईकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे. मास्तरांना वाटलं, जायचीच आहे नोकरी तर निदान नीट जाऊ दे. ते डेप्युटींच्या समोरूनच पडवीत गेले. तिन्ही मुलांच्या पाट्या स्वतः उचलल्या आणि मुलांना आणून पहिल्या रांगेत बसवलं.

डेप्युटी खुर्चीवर परत आले. टाक दौतीत बुडवून बराच वेळ काहीबाही लिहीत राहिले. पाटील मान उंचावून बघत होते. शाई वाळल्यावर साहेबांनी शेरा खास त्यांच्यासाठी मोठ्याने वाचला:

"शाळेवर कैलासवासी बाईंची देखरेख उत्तम आहे. ती यापुढेही अशीच चालू ठेवावी."