नवं माप

"जुन्याच मापाने शिवू ना?" रेहानाभाभींनी ब्लाउजच्या कापडाची घडी करत विचारलं, तसं वैजयंती सवयीने "हो" म्हणून गेली. पण तिचा पाय दुकानातून निघेना.

पन्नाशी आल्यापासून तिच्या अंगातून अचानक वाफा निघत. काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये काचणारा ब्लाउज घामाने चिंब झाला आणि बोलणं अर्धवट टाकून ती बाहेर पळाली. वर्षभर खपून तिनेच आखलेली योजना मग हाताखालच्या सरदेसाईने मांडली. टाळ्याही त्यालाच मिळाल्या. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर आणखी एक संधी होती.

"भाभी, थांबा. नव्याने माप घ्या."

टेप कमरेभोवती आला, तसं तिने पोट आत ओढलं.

"ताई, श्वास तर घ्या!"

दोघींना हसू फुटलं. वैजयंतीने दम सोडला. टेप सरकला. लाज वाटायची ती वाटलीच, पण किती दिवसांनी मोकळंही वाटलं.

"ब्लाउज राहू दे. फळीवरच्या त्या निळ्या खादीचा कुर्ता शिवा. चांगला सैल, पण गळा झोकदार हवा," ती म्हणाली. "सोमवारी मला शेवटपर्यंत बोलायचंय."