पाचवा डमरू

१९५६ साल. गोंडपिपरीच्या जंगलातल्या आरागिरणीत भरदुपारी बॉयलरच्या दाबाची सुई तांबड्या खुणेपलीकडे गेली. टिपणीस साहेबांनी घाईघाईने पाइपांचा नकाशा पसरला. नकाशात वालची, म्हणजे वाफेच्या झडपेची, खूण डमरूसारखी असते. साहेबांनी बोट फिरवत पाच डमरू मोजले. वाफ बाहेर सोडणारा पाचवा, पाइपाच्या अगदी टोकाला होता.

"पाचवा उघडा रे!" म्हणत साहेब स्वतःच शिडीवर चढले. पाइप चाचपला, पुन्हा चाचपला. वाल चारच. खाली बॉयलर थरथरत होता, तरी साहेबांचा नकाशावरचा विश्वास ढळेना.

फिटर सुकलूने वर पाहिलंसुद्धा नाही. तो भट्टीतले पेटते ओंडके ओढून बाहेर टाकत होता. सुई खाली आली तेव्हा त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

साहेब नकाशा नाचवत उतरले. "सुकल्या, पाचवा वाल गेला कुठे?"

"तो आलाच नाई, साहेब. मागल्या महिन्यात मी म्हणलो, इथी वाल पाहिजे. तुम्ही म्हणले, नकाशात नाई तर भेटणार नाई."

"मग?"

 

"मंग तुमच्याच दौतीतली शाई घेतली, अन् नकाशात काढून ठेवला."